सोयरिकीला नेलेली गाडी

"घरात बोलतो आन् कळवतो," असं लालासाहेब म्हणाले, तेव्हाच जयराज काय ते समजला. हे वाक्य त्यानं इतक्या ओसऱ्यांवर बसून ऐकलं होतं, की ते बोलताना समोरच्या माणसाचा हात कसा आपोआप गुडघ्यावर जातो आणि तो कसा उठायच्या बेतात येतो, हेसुद्धा त्याला पाठ झालं होतं. नकार तोंडावर कुणी देत नाही. पोहे खाऊन झालेले असतात, चहा झालेला असतो, पाहुण्यांना आपल्या दारातून मान खाली घालून जायला लावणं कुणालाच बरं वाटत नाही. म्हणून कळवतो म्हणायचं. मग आठवडा जातो, महिना जातो आणि कुणी काही कळवत नाही.

जयराज, त्याची आई बनुबाई आणि मामा आप्पासो असे तिघं सकाळी खंडाळ्याहून निघून पलूसच्या बाहेर मळ्यातल्या या वस्तीवर आले होते. मुलगी बघून झाली होती. आता तिघंही उठले, नमस्कार झाले, आई मुलीच्या आईच्या हाताला हात लावून आली आणि तिघं गाडीत जाऊन बसले. लालासाहेब, त्यांची बायको आणि मुलगी अंकिता निरोप द्यायला अंगणात उभे राहिले. जयराजनं किल्ली फिरवली.

गाडी 'कट' म्हणाली आणि गप्प झाली.

त्यानं पुन्हा फिरवली. या वेळी कटसुद्धा नाही. समोरचे दिवे हळूच मिणमिणले आणि तेही गेले.

"काय झालं?" मामानं ओठ न हलवता विचारलं. तोंडावर निरोपाचं हसू तसंच होतं.

"घेत न्हाई."

"मग परत मार की."

"मारली."

सकाळी हीच गाडी एका झटक्यात सुरू झाली होती. कराडला चहाला थांबले, तेव्हाही कुरकुर केली नव्हती. ना कुठला दिवा लागला, ना आवाज बदलला. धडधाकट माणूस बोलता बोलता बसल्या जागी लवंडावा तशी ती गेली होती, आणि गेली तीही कुठं, तर ज्यांनी नुकताच नकार दिला त्यांच्याच अंगणात. काचेबाहेर लालासाहेबांचे जोडलेले हात अजून तसेच होते. पाहुणे निघेपर्यंत हात खाली करायचे नाहीत, अशी त्यांची रीत असावी.

बंद पडलेली गाडी हा काही मोठा गुन्हा नाही. कुणाचीही पडते. पण जयराजच्या पाठीला घाम फुटला, त्याचं कारण वेगळंच होतं. गाडी त्याची नव्हती.

गाडी होती त्याच्या आळीतल्या सूरजची. पांढरी, सात जणांची, डिझेलची. जयराजला शिरवळच्या कंपनीत कायमची नोकरी होती, थोडं रान होतं, घर चांगलं होतं. तरी तिशी उलटून गेली आणि लग्न जमेना. आता दिवस असे आलेत, की बघायच्या कार्यक्रमात मुलगी निवांत बसते आणि घाम मुलाला फुटतो. आप्पासो मामानं भाच्यासाठी जिल्हे पालथे घातले होते, आणि प्रत्येक ठिकाणी का अडतं यावर त्याचं एक मत तयार झालं होतं. "तुझ्यात काय बी कमी न्हाई, जया," तो म्हणायचा, "कमी हाईत ती चार चाकं." म्हणून या वेळी त्यानं सूरजकडून गाडी मागून आणली आणि वाटेत दोघांना बजावलं, की गाडी आपलीच आहे. आई खिडकीबाहेर बघत राहिली. जयराज काही बोलला नाही, आणि अशा वेळी काही न बोलणं म्हणजे हो म्हणणंच असतं.

एक अडचण मात्र होती. आपल्याकडं गाडी घेतली, की आधी तिच्यासमोर नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवशी मागच्या काचेवर पोरांची नावं चढतात. सूरजनंही चढवली होती. एका बाजूला 'दिग्विजय', दुसऱ्या बाजूला 'शंभूराज', आणि दोघांच्या मधोमध सोनेरी जिरेटोप. अक्षरं अशी, की मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला लांबूनच वाचता यावीत. दुसऱ्याच्या पोरांची नावं खरवडून काढता येत नाहीत. तेव्हा मामानं तोड काढली, की गाडी लावतानाच पाठ भिंतीकडं करायची. जयराजनं अंगणात आल्या आल्या ती मागं घेत घेत गोठ्याच्या भिंतीला अशी भिडवली होती, की मधून कोंबडीसुद्धा गेली नसती. लालासाहेबांनी त्याच्या रिव्हर्सचं कौतुकही केलं होतं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. मामाचं खोटं मामाच्या नावावर गेलं असतं. पण "मुलामुलीला दोन शब्द बोलू द्या" म्हणून मंडळींनी त्याला अंकिताबरोबर गच्चीवर पाठवलं, आणि तिथं त्याची स्वतःची पाळी आली. अंकिता पलूसला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. रोज माणसांच्या हातात सुई टोचायची सवय, त्यामुळं बोलणंही सरळ. दारू पिता का, तिनं विचारलं. नाही. नोकरी कंत्राटी का कायम? कायम. तुमच्या लॅबमध्ये मला रक्त द्यायला लावू नका तेवढं, मला चक्कर येते, असं तो म्हणाला तेव्हा ती मोकळी हसली. आणि हसता हसता खाली बघून तिनं विचारलं, "गाडी तुमचीच का?"

"व्हय," तो म्हणाला.

का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं खरी आणि सोपी होती, त्याच ओघात तिसरंही निघून गेलं. आणि खरं सांगायचं तर ती त्याला आवडली होती. इतक्या मुली बघितल्या, पण आपण मनापासून बोललो आणि समोरची मनापासून हसली, असं याआधी झालं नव्हतं. ती हसायची थांबू नये म्हणून तो खोटं बोलला. जिना उतरताना त्याला ते टोचत होतं. खाली आल्यावर "कळवतो" ऐकलं तेव्हा वाईट तर वाटलंच, पण मनाच्या एका कोपऱ्याला बरंही वाटलं. चला, खोटं इथंच राहील आणि आपण घरी जाऊ. आता गाडी जागची हलेना, म्हणजे तेही नशिबात नव्हतं.

तिघं खाली उतरले. मघाशीच उतरवून ठेवलेले पाहुण्याचे चेहरे पुन्हा चढवावे लागले.

"बॉनेट उघडा पावणं, बघू काय झालंय," लालासाहेब हात सोडवून पुढं आले. ते फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन घरी आले होते. उभी गाडी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

जयराजनं स्टिअरिंगखाली हात घातला. सूरज बॉनेट कुठून उघडतो, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. हाताला एक कळ लागली, ती त्यानं ओढली. मागं कुठंतरी टक्कन आवाज झाला.

"ते डिझेलचं झाकण उघडलं," लालासाहेब शांतपणे म्हणाले.

"ह्या नव्या मॉडेलात लय आदलाबदल करून ठेवत्यात," मामा म्हणाला.

लालासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. वाकून त्यांनी स्वतःच कळ शोधली आणि बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा-हिरवा थर फुगून आला होता. जयराजनं काहीतरी करावं म्हणून तो बोटांनी खरवडायला सुरुवात केली.

"साफ कवा केलीवती ही?"

"दिवाळीत," जयराजच्या तोंडून गेलं. सूरजनं ती कधी साफ केली, केली का नाही, हे त्याला कुठून माहीत असणार? एकदा सुरुवात झाली, की पुढचं खोटं विचारायलासुद्धा थांबत नाही.

ओसरीच्या पायरीवर अंकिता उभी होती. ती एकदा त्याच्याकडं आणि एकदा उघड्या डिझेलच्या झाकणाकडं बघत होती. तिनं उतरून ते झाकण हातानं लावलं आणि परत जाऊन उभी राहिली.

"धक्का मारून बघू," लालासाहेब म्हणाले. "रस्त्याकडं उतार हाय. तुमी दोन नंबरात टाका आन् सांगितल्यावर क्लच सोडा. मी आन् मामा ढकलतो."

मामाचं हसू पहिल्यांदा उतरलं. "तुमी कशाला, तुमी कशाला! आवं, तुमी गाडीत बसा, आमी दोघं ढकलतो की मागनं."

"मी बसू? गाडी तुमची आन् मी बसू?"

लालासाहेबांनी शेजारच्या रानातून आपल्या पुतण्याला, वीरधवलला हाक मारून बोलावलं. आधी दारांच्या चौकटी धरून सगळ्यांनी गाडी थोडी पुढं ओढली, मागं माणूस शिरण्यापुरती जागा झाली, आणि लालासाहेब बाह्या सारून गाडीच्या मागं गेले. जयराज स्टिअरिंग धरून आरशात बघत होता. लालासाहेबांचे दोन्ही पंजे काचेवर आले. त्यांचा चेहरा काचेजवळ आला. पण धक्का काही बसेना.

"दिग्विजय," लालासाहेब मोठ्यानं वाचते झाले. "शंभूराज."

पहाटेच्या मैदानावर हवालदारानं हजेरी घ्यावी तसा तो आवाज होता. हजर म्हणायला कुणीच नव्हतं.

"ही पोरं कुणाची?"

अंगणात सगळ्यांनी एकाच वेळी एकच हिशेब केला. तिशी उलटलेला माणूस, लांबच्या तालुक्यातून आलेला, लग्न झालेलं नाही असं सांगणारा, आणि त्याच्या गाडीवर दोन पोरांची नावं. अंकिताच्या आईनं पदर तोंडाला लावला. वीरधवलनं काचेवरचा हात काढून घेतला. जयराजनं अंकिताकडं बघायचं टाळलं, पण ती पायरी उतरून अंगणात आल्याचं त्याला दिसलंच.

"आवं न्हाई वो, तसं काय न्हाई," बनुबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या लेकाचं आजून..."

अशा वेळी आप्पासो मामासारखा माणूस पाहिजे. एवढ्या घाबरगुंडीतही त्याचं डोकं थंड होतं. "सेकंडची गाडी हाय ओ!" तो म्हणाला. "आधीच्या मालकाची पोरं ती. नावं काढायला गेलं की काच वरबाडती, म्हणून राहिलीत. म्हणून तर भिंतीला लावलीवती, तुमाला बघून काय वाटंल म्हणून."

लालासाहेब चालत पुढं आले आणि जयराजच्या खिडकीशी उभे राहिले. "व्हय का?"

आता बोलायची वेळ होती. जयराजला ती कळलीही. पण आरशात आईचा चेहरा होता, आणि तो चेहरा बघून त्याची जीभ पुन्हा मामाच्याच बाजूला वळली.

"व्हय," तो म्हणाला.

आणि झालं काय, तर लालासाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. नुसत्या आत्ताच्या नाही, सकाळपासूनच्या गेल्या. "मग तसं सांगायचं की, गड्या," ते म्हणाले. "सेकंडची घेतली ह्यात लाजायचं काय? मी सकाळी ती गाडी बघितली आन् म्हणलं, हे पोरगं पगार सगळा चाकात घालतंय. कळवतो म्हणलो ते त्यापायीच. ज्याला ऐपत बघून जुनी गाडी घ्यायची अक्कल हाय, त्याला पोरगी द्यायला हरकत न्हाई." ते ओसरीकडं वळून बायकोला म्हणाले, "पावणं जेवून जातील. भाकरीचं बघ."

मामानं आरशातून भाच्याकडं असं बघितलं, जशी काही त्यानंच बाजी मारली होती. बनुबाईंनी डोळे पुसले. लेकासाठी फिरताना प्रत्येक घरातून मान खाली घालून बाहेर पडायची त्यांना इतकी सवय झाली होती, की आता मान वर कशी करावी हे त्यांना चटकन सुचेना. जयराज मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिला. नकार पचवायला तो शिकला होता. ही मर्जी त्याच्या घशाखाली उतरेना. खोट्यावर खोटं रचलं तर ते पडतं असं त्याला वाटायचं. इथं तर त्याचा चांगला माळा तयार झाला होता आणि त्यावर त्याचं लग्न बसायला निघालं होतं.

धक्क्यानं गाडी रस्त्यापर्यंत गेली. क्लच सोडला की ती दोन गचके द्यायची आणि थांबायची. वीरधवलला दम लागला, मामाचा सदरा पाठीला चिकटला.

"बॅटरी पार मेली," लालासाहेब म्हणाले. "धक्क्यानं भागायचं न्हाई. ट्रॅक्टर लावू."

त्यांनी ट्रॅक्टर आणून गाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला उभा केला. त्यांच्याकडं जाड वायरी होत्या, टोकांना चिमटे लावलेल्या. लाल चिमटा कुठं, काळा कुठं, हे ते जयराजला दाखवत होते आणि मधून मधून बोलत होते. आधी नुसते पावणं म्हणत होते, आता जयराजराव झालं होतं. गाडी अशी घेतली की बॅटरी पहिली बदलायची, जयराजराव. आधीच्या मालकानं काय करून ठेवलेलं असतंय ते आपल्याला कळत न्हाई, जयराजराव. प्रत्येक वाक्यागणिक जयराज आणखी खाली वाकून टर्मिनल खरवडत होता.

"मारा किल्ली."

मारली. गाडी एकदा घुमली, दोनदा घुमली आणि धडाडून सुरू झाली. वीरधवलनं टाळी वाजवली. लालासाहेबांनी चिमटे काढले, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला.

"आता एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "काय वाट्टेल ते झालं तरी बंद करू नका. बंद केली की परत उठायची न्हाई. थेट खंडाळा. जेवण राहिलं आता, पण हरकत न्हाई. पुढच्या येळी बोलणी करायलाच या."

बोलणी करायलाच या. मामानं पुढचं दार उघडलं आणि वरातीतल्या नवरदेवासारखा गाडीत चढून बसला. बनुबाई मागं बसल्या. गाडी धडधडत होती, रस्ता समोर होता, पाय नुसता क्लचवरून उचलायचा बाकी होता.

तेवढ्यात अंकिता घरातून पळत आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. तिनं ते गाठोडं खिडकीतून मागं बनुबाईंकडं दिलं, आणि मग ती जयराजच्या बाजूला आली. वडील ट्रॅक्टरवर चढत होते. ट्रॅक्टर आणि गाडी दोन्हींचा आवाज चालू, त्यामुळं तिला वाकून बोलावं लागलं.

"मी आण्णांना सांगितलंय," ती म्हणाली. "माझ्याकडून हो आहे. फक्त एक आहे. मला स्कूटी येते, गाडी येत नाही. ह्याच गाडीवर शिकवायचं मला. आई म्हणते नवरा शिकवायला लागला की भांडणं होतात. झाली तर होऊ देत."

आणि ती हसली. गच्चीवर हसली होती तशीच.

जयराजनं तिच्याकडं बघितलं. मागं आई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी मामा खाकरला. एवढ्या वर्षांनी एका मुलीनं त्याला स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं होतं. आता फक्त "शिकवीन" म्हणायचं होतं.

"ही गाडी माझी न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे? सेकंडची आहे, मला कळलं."

"सेकंडची न्हाई. माझीच न्हाई. आमच्या आळीतल्या सूरजची हाय. दिग्विजय आन् शंभूराज त्याचीच पोरं हाईत, शाळेत जात्यात. एक दिवसापुरती मागून आणलीय."

मामानं त्याचा दंड धरला. "आरं, गप की येड्या. सुरू झालीय गाडी, चल."

जयराजनं दंड सोडवला. गिअर काढला, हँडब्रेक लावला आणि गाडी तशीच धडधडत ठेवून तो खाली उतरला. अंकिता मागं सरकली. तिचं हसणं गेलं होतं, आणि ते जाताना बघणं त्याला फार जड गेलं. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. तो ट्रॅक्टरजवळ गेला.

"आण्णा, गाडी माझी न्हाई," त्यानं लालासाहेबांना सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. भिंतीला का लावली, तेही. बॉनेट का उघडता आलं नाही, तेही. "दिवाळीत साफ केली म्हणलो ते बी खोटं. मामाचा दोष न्हाई. तुमी मला दोनदा विचारलं आन् हिनं गच्चीवर विचारलं. तिन्ही येळा मीच खोटं बोललो."

लालासाहेब ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू दगडाचा झाला.

"माझ्या दारात," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यात बघून."

"व्हय."

"मग ऐका. आमचा नकार हाय. बसा गाडीत आन् जावा."

इतका स्वच्छ नकार जयराजला आजवर कुणी दिला नव्हता. त्यानं मान हलवली. "बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला, आणि परत येऊन गाडीत बसला. मामा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होता. बनुबाईंनी भाकरीचं गाठोडं खिडकीतून परत द्यायला हात बाहेर काढला, कारण नकार दिलेल्या घरची भाकरी कशी न्यायची, हे त्यांना समजेना.

अंकितानं ते गाठोडं घेतलं नाही. ती अजून खिडकीपाशीच होती.

"होकार दिल्यावर का सांगितलंत?" तिनं विचारलं. "आधी सांगायचं होतं. नाहीतर घरी जाऊन मग कधीतरी."

"तुमी ह्या गाडीवर शिकणार म्हणला," जयराज म्हणाला. "कुठल्या गाडीवर शिकवलं असतं?"

गाडी धडधडत होती. लालासाहेबांनी ट्रॅक्टरवरूनच हाताची खूण केली, निघा.

"गाडी बंद करा," अंकिता म्हणाली.

"बंद केली तर परत सुरू व्हायची न्हाई."

"मला माहीत आहे. बंद करा."

"करू नको, जया," मामा कळवळून म्हणाला. "सांजच्याला सूरजला गाडी द्यायचीय. त्याला काय सांगू?"

जयराजनं किल्ली फिरवली.

गाडी थांबली. आता फक्त ट्रॅक्टरचा आवाज राहिला. थोड्या वेळानं लालासाहेबांनी तोही बंद केला आणि ते खाली उतरून लेकीसमोर येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"आण्णा, हे खोटं बोलले," अंकिता म्हणाली. "त्याचं मी नंतर बघते, सोडणार नाही. पण ते गेले असते तर आपल्याला कधी कळलं असतं? तुम्ही पसंत केलं होतं, मी हो म्हटलं होतं, गाडी चालू होती. काय अडलं होतं त्यांचं?"

"खोटं बोलणारा माणूस हाय तो, अंके."

"बोलले. आणि हातात आलेलं सोडून खरं पण बोलले. आजवर इतके जण बघून गेले. असं कोणी केलं, सांगा."

लालासाहेबांनी बंद गाडीकडं बघितलं. मागच्या काचेवर दिग्विजय आणि शंभूराज उन्हात चमकत होते. वीरधवल तोंड फिरवून हसू दाबत होता.

"मघाशी जेवायला थांबा म्हणलो, ते जुन्या गाडीवाल्याला म्हणलोतो," लालासाहेब शेवटी म्हणाले. "ह्यास्नी काय म्हणायचं?"

"ह्यांनाही थांबा म्हणा."

लालासाहेब गाडीजवळ आले. त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं आणि बनुबाईंना म्हणाले, "उतरा ताई. ती भाकरी घ्या बरोबर, घरात बसून खाऊ." मग जयराजच्या बाजूला वळले. आवाज अजून कडकच होता.

"आन् तुमी. आधी हौदावर जाऊन हात धुवा, साबण लावून. बॅटरीचं ते पांढरं लागलंय बोटांना, तसंच ताटावर बसू नका."